सखूची मशेरी

धर्मराज तांडेलला मशेरी भाजता येऊ लागली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि इतकी छान जमली की करावे गावातल्या जुन्या बायकांनीही नाव काढावं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोसाठी स्वतःच्या हाताने केलेली ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच करायला नको होती. हे त्याला कळेपर्यंत दहा आठवडे उलटून गेले होते. दहा आठवड्यांत माणसाच्या हाडाचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं.

आधी पायाचं सांगायला हवं. सखूचा उजवा घोटा मोडला बावीस वर्षांपूर्वी. गावठाणातल्या स्वतःच्या बिल्डिंगवर धर्मराज चौथा मजला चढवत होता. स्लॅबचा दिवस होता, मिक्सर घरघरत होता, आणि मजुरांसाठी चहाची किटली घेऊन वर येताना सखू ओल्या पायरीवरून घसरली. स्लॅब अर्ध्यावर सोडला की तिथे सांधा राहतो आणि पुढे पावसात गळतो, हे धर्मराजला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तो खाली उतरलाच नाही. वरूनच ओरडला, "दिघ्याच्या हाडवैद्याकडं न्या तिला, मी येतोच." येतोच म्हणालेला माणूस संध्याकाळी सातला आला. हाडवैद्याने तोवर पट्ट्या बांधून, तेल चोळून तिला घरी धाडलं होतं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. स्लॅब मात्र आजतागायत टिपूसभर गळलेला नाही, हे धर्मराज चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. सखू शेजारी बसलेली असली तरी सांगायचा.

त्या वाकड्या पायाने ती बावीस वर्षं अडुसष्ट पायऱ्या चढली आणि उतरली. मग सांधा इतका झिजला की हाडावर हाड घासायला लागलं, आणि सखू पायऱ्या बसून उतरायला लागली. तेव्हा कुठे मुलाने हट्ट धरून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, सांधा आता दुरुस्त होण्यातला नाही, तो कायमचा बंद करू. हाडं खरवडून एकमेकांना टेकवायची, तीन स्क्रू मारायचे आणि ती एकजीव व्हायची वाट बघायची. घोटा पुन्हा वाकणार नाही, पण दुखणारही नाही.

"म्हंजे सांधा भरून टाकायचा," धर्मराज म्हणाला. आयुष्य बांधकामात गेलेलं, त्याला लगेच पटलं.

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले. "फक्त सिमेंट पेशंटच्या अंगातून यावं लागतं. तीन महिन्यांनी एक्सरे काढू. जुळलं असेल तर आजी चालायला मोकळ्या. नसेल तर पुन्हा उघडावं लागेल, कमरेचं हाड काढून तिथे भरावं लागेल. यांना साखर आहे. दुसऱ्या खेपेला जखम चिघळली तर पाऊल वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

सखूने एवढंच विचारलं, "मी माझ्या पायानं खाली वट्यावर जाईन ना?" बिल्डिंगच्या तळाशी ओटा होता. रोज पाचच्या सुमाराला गावातल्या चार-पाच बायका तिथे जमायच्या, गप्पा मारायच्या आणि एकीच्या डबीतून सगळ्या मशेरी लावायच्या. सखूला जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही जायची हौस नव्हती.

भरती होताना एका तरुण डॉक्टरणीने फॉर्म भरला. तिने विचारलं, "काही व्यसन? दारू, सिगारेट, तंबाखू?"

सखूने तोंड उघडायच्या आत धर्मराजचा आवाज चढला. "व्यसन? बाईमानूस हाय ती! आमच्या घरातल्या बायका असलं काय करत नाय."

डॉक्टरणीने फुली मारली आणि पुढचा प्रश्न विचारला. धर्मराज खोटं बोलला नव्हता, हीच तर खरी रड. तंबाखू म्हणजे चुना लावून मळायची आणि गालात धरायची, ती पुरुषांची. मशेरीने बायका दात घासतात. त्याच्या आईने घासले, आजीने घासले. दात घासण्याला कोणी व्यसन म्हणतं का? सखू गप्प राहिली. नवरा एकदा बोलला की परक्या माणसांसमोर त्याला खोडायचं नाही, ही तिची रीत होती.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. चार भाडेकरूंनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर चढवलं. पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी सक्त ताकीद होती. सून प्रिया नवऱ्यासोबत आणि लहानग्या लेकीसोबत, ऋतासोबत, तिसऱ्या मजल्यावर राहायची. स्वयंपाक, आंघोळ, औषधं, सगळं ती नोकरी सांभाळून करत होती, पण मशेरी भाजायला तिने स्पष्ट नकार दिला. "वास घरभर होतो, आई. ऋताला खोकला लागतो. प्लीज, ते सोडून काहीही सांगा."

पाचव्या दिवशी सखूची डबी रिकामी झाली. ती रिकाम्या डबीचं झाकण उघडायची आणि लावायची. डोकं दुखतंय म्हणून जेवलीही नाही. धर्मराज दारात चपला घालून उभा होता. खाली देवळाजवळ त्याचा पत्त्यांचा डाव मांडलेला असायचा. झाकणाची ती टकटक ऐकून त्याला काय वाटलं कोण जाणे. बावीस वर्षांपूर्वीची ओली पायरीही आठवली असेल.

"मी भाजू काय?" त्याने विचारलं.

सखूने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू देवळातला मारोती उठून पाणी मागतोय. मग ती हसायला लागली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

गच्चीत पाणी तापवायची चूल होती. धर्मराजने तिच्यावर लोखंडी तवा ठेवला, तंबाखूची पानं पसरली, आणि खालून जिन्यातून सखूच्या आरोळ्या सुरू झाल्या. "जाल कमी करा! पलटा! काली झाली का? करपली ना, वासावरनं कललं मना!" पहिला घाणा फुकट गेला. दुसरा जमला. खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून त्याने डबी भरली आणि तिच्या हातात दिली. सखूने चिमूट घेऊन हिरड्यांना लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "जमली."

मग तो रोज भाजायला लागला. ताजी आवडते तिला, म्हणून रोज. मशेरी लावून होईपर्यंत तो खाटेशी बसायचा. बसल्यावर बोलणं आलंच. खाडीतल्या बोटी, भाडेकरूंच्या भानगडी, ऋताचे लाड. बेचाळीस वर्षांत हे दोघं इतकं बोलले नव्हते. पत्त्यांचा डाव त्याच्यावाचून सुरू झाला आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं. असं सुख उतारवयात मिळालं तर माणसाने ते घ्यावंच, पण मला हे सांगतानाही बरं वाटत नाही. तो मन लावून भाजत होता, ती मन लावून घासत होती, आणि खाली प्लॅस्टरच्या आत हाड कोरडं पडत होतं.

नेरूळहून श्रुती नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. पंचविशीची, चुणचुणीत, पायऱ्या चढून आली की पाच मिनिटं पंख्याखाली बसणारी. ती सखूला वॉकर धरून एका पायावर चालायला शिकवायची. सखूचा उत्साह दांडगा होता. खाटेपासून खिडकीपर्यंत अकरा उड्या मारायची आणि खाली ओट्यावर बसलेल्या बायकांना हाक मारायची, "जागा ठेवा गो माझी!"

सहाव्या आठवड्यात प्लॅस्टर निघालं, एक्सरे झाला. डॉक्टरांनी तो बराच वेळ बघितला. "फट अजून दिसतेय. वय आहे, साखर आहे. थांबू." त्यांनी गुडघ्यापर्यंतचा बूट दिला आणि थोडा थोडा भार टाकायला सांगितलं.

पहिल्या दिवशी सखूने बूट टेकवला आणि वॉकर घट्ट पकडला.

"दुखलं का?" श्रुतीने विचारलं.

"दुखतंय ते सोड. मधी हालतंय काईतरी."

श्रुतीने बूट काढून दोन्ही हातांनी दोन्ही घोटे धरले. उजव्यावरचा हात तिने लवकर उचलला नाही. "जरा गरम लागतोय," ती म्हणाली आणि वहीत लिहायला लागली. काय लिहिलं ते तिने सांगितलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी घोटा सुजायला लागला. सखू एखादं पाऊल टाकायची आणि मध्येच थांबून कान दिल्यासारखी उभी राहायची. एकदा धर्मराजलाही ऐकू आलं. बारीकसं, कट्. वॉकरचा स्क्रू ढिला झालाय असं म्हणत तो पाना घेऊन आला आणि वॉकरचे सगळे स्क्रू आवळून बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज आला. तेव्हा त्याने पाना आणला नाही. त्याने तिला बरं वाटावं म्हणून त्या दिवशी मशेरी जरा जास्तच भाजली.

दहाव्या आठवड्यात एका गुरुवारी श्रुती तासभर आधी आली. जिन्यात वास आला म्हणून ती सरळ गच्चीत चढली. धर्मराज चुलीपाशी उकिडवा बसून तवा हलवत होता.

"काका, हे काय भाजताय?"

"मशेरी," तो कौतुकाने म्हणाला. "हिच्यासाठी. रोज ताजी लागते तिला."

श्रुतीचा चेहरा उतरला. ती चुलीपासून दोन पावलं मागे सरली. "काका, हा तंबाखू आहे."

"तंबाखूच हाय. पन ती खात नाय गो, दात घासते."

"घासली तरी हिरडीतून रक्तात जाते. हाडापर्यंत रक्तच नीट पोचत नाही मग. हाड जुळत नाही तंबाखूने, काका. सिगारेट ओढणाऱ्या पेशंटचं ऑपरेशनसुद्धा डॉक्टर पुढे ढकलतात." आणखी काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, खाली जिन्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. "बंद करा. आजपासून."

ती खाली गेली. धर्मराज तिथेच बसून राहिला. तव्यावरची पानं काळी होऊन धुपायला लागली तरी तो उठला नाही. रोज एकदा, कधी दोनदा. पासष्ट दिवस तरी झाले असतील. प्रत्येक दिवशी त्याने स्वतः कुटलं होतं, गाळलं होतं आणि तिच्या हातात दिलं होतं.

सखूला सांगायला हवं होतं. तेवढं धाडस मात्र त्याच्यात नव्हतं. फॉर्मवरची फुली त्याच्या शब्दावर पडली होती, मशेरी त्याच्या हातची होती, आणि पाय तिचा होता. दुसऱ्या दिवशी त्याने नारळाची करवंटी जाळली, कुटली, मशेरीसारखीच बारीक गाळली आणि डबी भरली. सखूने चिमूट लावली. क्षणभर थांबली.

"दुकान बदललं," तो घाईने म्हणाला.

"बरं," सखू म्हणाली.

उरलेला तंबाखूचा पुडा फेकून द्यायला त्याचा हात झाला नाही. त्याने तो स्वयंपाकघरातल्या कपाटात सरकवून ठेवला. पुढच्या एक्सरेपर्यंतचे दोन आठवडे तो रोज करवंटी जाळत राहिला आणि रोज गावदेवीला हात जोडत राहिला. सखूचं डोकं दुखायचं, ती सुनेवर खेकसायची, रात्रीची जागी असायची. पण संध्याकाळी तो डबी घेऊन आला की बाजूला सरकून त्याला बसायला जागा करायची.

एक्सरेच्या दिवशी डॉक्टरांनी पडद्याकडे बोट केलं. न जाणणाऱ्यालाही दिसावं इतकं ते स्पष्ट होतं. दोन हाडांच्या मधोमध काळी रेघ होती आणि मधला स्क्रू मोडून वाकडा झाला होता.

"जुळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा उघडावं लागेल. काय होऊ शकतं ते मी आधी सांगितलंच आहे." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सखूला विचारलं, "आजी, मला खरं सांगा. तंबाखू, मशेरी, तपकीर, असलं काही? कुठल्याही रूपात? कारण ते चालू असेल तर दुसऱ्यांदाही जुळणार नाही, आणि मग मी हात लावण्यात अर्थ नाही."

सखूने धर्मराजकडे बघितलं. चांगलं निवांत बघितलं. शब्द घशाशी आला होता, शपथेवर सांगतो, आला होता. पण दारात नर्स उभी होती, मुलगा मिथुन बाजूला उभा होता, आणि 'आमच्या घरातल्या बायका असलं काय करत नाय' हे वाक्य अजून त्या फायलीत असल्यासारखं त्याला वाटलं. तो जमिनीकडे बघत राहिला.

"नाय," सखू डॉक्टरांना म्हणाली. "काय नाय."

परत येताना तेच चार भाडेकरू, तीच खुर्ची. तिसऱ्या मजल्यावर तिने खुर्ची टेकवायला लावली. "दमलात रं पोरांनो. आत जाऊन पानी प्या." माणसं आणि मिथुन प्रियाकडे पाणी प्यायला गेले. जिन्यात दोघंच उरले.

"मना ठाव होतं," सखू म्हणाली.

"काय?"

"मशेरीचं. श्रुतीनं मना दुसऱ्याच आठवड्यात इचारलं होतं, दात बघून. सगलं सांगितलं तिनं. सोडते म्हनले तिला. घरात बोलू नको म्हनून शप्पत घातली."

धर्मराजने कठडा धरला. "ठाव होतं आनि तू लावत होतीस? अगो, का?"

"तलफ होती, खोटं कशाला बोलू." तिने बूट घातलेल्या पायाकडे बघितलं. "पन तेवढंच नाय. बेचालीस वर्सं झाली लग्नाला. तुमी माझ्यासाठी चुलीपाशी बसलात ते पयल्यांदा. मी नको म्हनले असते तर तुमी चपला घालून पत्त्यांना गेले असते. म्हनून लावली."

"मी करवंटी..."

"ती पन पयल्याच दिवशी कलली. करवंटी मना कलत नाय काय? डोकं फुटत होतं, तरी लावली. तुमी राख भाजून दिली असती पयल्यापासून, तरी लावली असती."

धर्मराज पायरीवर खाली बसला. पहिल्या दिवशी त्याने तिच्यासाठी चहा करायला घेतला असता, तरी भागलं असतं. एवढंच तर ती सांगत होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आज डॉक्टरसमोर थांबले मी," ती म्हणाली. "म्हनलं, हे बोलतील. स्लॅबच्या दिवशी पन अशीच थांबले होते. खालनं वर बगत होते तुमच्याकडं."

"उद्या जाऊन सांगतो डॉक्टरला," तो म्हणाला. "गावदेवीची आन."

माणसं पाणी पिऊन आली, खुर्ची उचलली गेली. शेवटच्या मजल्यावर वळताना तिचा पाय भिंतीला लागला आणि तो बारीक आवाज पुन्हा आला. चारही माणसांना ऐकू गेला. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाय उचलले.

तिला खाटेवर ठेवून माणसं गेली. पाच वाजले होते. खालून ओट्यावरच्या बायकांचा आवाज येत होता. धर्मराज स्वयंपाकघरात गेला, गॅस पेटवला आणि त्यावर तोच तवा ठेवला. आज हिच्यासाठी भाकरी करायची, असं त्याने ठरवलं होतं. जमो न जमो. तांदळाचं पीठ कुठल्या डब्यात असतं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

"सखू, पीठ कुठं हाय गो?"

आतून उत्तर आलं. "कपाटात. तुमी पुडा ठेवलाय ना, त्याच्या मागं."

त्याने कपाट उघडलं. पुढे तंबाखूचा पुडा होता, मागे पिठाचा डबा. तव्यातून धूर यायला लागला. आत खाटेवर सखू कण्हली आणि मग तिचा आवाज आला, कधी नव्हे इतका बारीक.

"अवो, लवकर करा. पाय लय ठनकतोय."

काय लवकर करू, हे विचारायची धर्मराजची हिंमत झाली नाही.